लेकीच्या घरचं पाणी

इटलीहून परत आल्यावर पाटोद्याच्या बस स्टँडवर जो भेटेल तो आधी एकच विचारायचा, "मॅडम, तो वाकडा मनोरा बघितला का?" नाही बघितला. पाण्यात वसलेलं शहर? तेही नाही. मग बघितलं तरी काय? मी म्हणायचे, एक गाव बघितलं. समोरच्याचा चेहरा उतरायचा. गावच बघायचं होतं तर आपल्या तालुक्यात काय कमी होती, असं तो तोंडानं म्हणायचा नाही, पण मला ऐकू यायचं.

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नकाशावर काठी ठेवून मी मुलांना सांगत आले, इटलीचा आकार बुटासारखा आहे. त्या बुटाची टाच जिथं आधी झिजेल, साधारण तिथं हे गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची झाडं आणि मधे एकच रस्ता. सहलवाल्यांच्या कुठल्याही पत्रकात त्याचं नाव सापडायचं नाही. आमच्या लेकीचं सासर तिथं आहे, एवढंच त्या गावाचं आणि आमचं नातं. आम्ही बारा दिवस राहिलो. त्यातले नऊ दिवस आमच्या चेअरमननी लेकीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

चेअरमन म्हणजे माझे यजमान. शेतकरी माणूस, पण गावच्या सहकारी दूध संस्थेचे अठरा वर्षं चेअरमन. गाव त्यांना चेअरमन म्हणतं, म्हणून घरात मीही म्हणते. रागात असले की जरा जास्त म्हणते.

पाणी न पिण्यामागं आमच्याकडचा जुना रिवाज होता. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. फार कडक माणूस असेल तर पाणीही प्यायचं नाही. माझे वडील तसेच कडक होते. माझ्या लग्नानंतर तीन वर्षं ते मला भेटायला यायचे ते भाकरी फडक्यात बांधून आणि पाणी फिरकीच्या तांब्यात घेऊन. अंगणात बसायचे, ख्यालीखुशाली विचारायचे, आणि जेवणवेळ झाली की उठून गावाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन एकटे जेवायचे. मी चुलीपुढं बसून रडायचे. मग आमची ही लेक झाली, आणि बाराव्या दिवशी वडील माझ्या घरी पाटावर बसून सात पोळ्या जेवले. तेव्हा या रिवाजाची मला काही नवलाई नव्हती. त्याचा त्रास काय असतो तेही मला पाठ होतं.

पण चेअरमन रिवाज पाळत होते ते रिवाजासाठी नव्हे. त्यामागं राग होता. लेक लहानपणापासून बापाचं बोट धरून पहाटे डेअरीवर जायची. दुधात यंत्र बुडवून डिग्री बघायला तिला तिसरीत असतानाच यायचं. पुढं दूधशास्त्र शिकली, चीज शिकायला म्हणून इटलीला गेली, तिथल्याच एका सहकारी संस्थेत नोकरीला लागली. चेअरमन जिथं तिथं सांगायचे, "माझी लेक इटलीत डेअरीवर हाय," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगी तिकडं जाऊन कॅन धुते. मग एके दिवशी तिचा फोन आला. तिनं तिथल्याच एका मुलाशी, नगरपालिकेत सह्या करून, लग्न केलं होतं. कागदपत्रांची घाई होती, म्हणाली. चेअरमननी फोन माझ्या हातात दिला आणि संध्याकाळच्या दुधाला निघून गेले. तिच्याशी ते पुढं आठ महिने बोलले नाहीत. बोलायला लागले तेही पाऊस, जनावरं आणि फॅट एवढंच.

मी निवृत्त झाले तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता शाळेचं कारण सांगू नको. या दोघं." मी विचारलं, "आणि तुझे अण्णा?" ती म्हणाली, "आण त्यांना. माझ्या घरी जेवले नाहीत तरी चालेल." तिच्या आवाजावरून मला कळलं, चालणार नव्हतं. आपल्या हातचं बापानं एकदा तरी जेवावं, एवढ्यासाठी ती तीन वर्षं थांबली होती.

साल दुष्काळाचं होतं. आषाढ कोरडा गेला होता, गावात टँकर चालू होता, गाई चारा छावणीत होत्या. संस्थेचं दूध चार कॅनवरून एका कॅनवर आलेलं. चेअरमन म्हणाले, असल्या वक्ताला संस्था सोडून कसं येऊ? मी म्हटलं, एका कॅनला चेअरमन आणि व्हाइस चेअरमन दोघं कशाला लागतात? त्यावर ते यायला तयार झाले. पण अट घातली. राहायचं वेगळं, खायचं आपलं. म्हणून आमच्या बॅगेत सहा किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि माझा बिडाचा तवा गेला. विमानतळावर तवा बघून तिथल्या बाईनं मला दोनदा विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं, हे माझं नशीब आहे. तिनं जाऊ दिलं.

लेकीनं तिच्या सासरच्या घरापासून दोन दारं सोडून एक खोली घेऊन ठेवली होती. तिथं मी चेअरमनच्या भाकरी थापायचे आणि मग दोन दारं चालत जाऊन लेकीकडं पोटभर जेवायचे. बाईनं असं करावं का, म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, माझ्या बापानं तीन वर्षं रिवाज पाळला, त्यात माझ्याही वाटणीचा होऊन गेला.

पहिल्या संध्याकाळी जावई आम्हाला समुद्र दाखवायला घेऊन गेला. चेअरमन धक्क्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग लेकीला म्हणाले, "विचार त्याला, उन्हाळ्यात किती खाली जातंय?"

"काय खाली जातंय?"

"पाणी. हे. मे महिन्यात कुठवर ऱ्हातं?"

लेकीनं विचारलं. जावयाला प्रश्नच कळेना. शेवटी त्यानं सांगितलं की थोडं वरखाली होतं, पण आटत नाही. "आटतच न्हाई?" चेअरमननी त्याच्याकडं असं बघितलं, की या पोरानं कधी नीट लक्ष दिलं नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धक्क्याच्या दगडावर खडूनं एक रेघ मारली. धरणाच्या भिंतीवर आकडे असतात ना, तसं. रोज जाऊन ते रेघ बघायचे आणि मला येऊन सांगायचे, "तेवढंच हाय." चौथ्या दिवसापासून त्यांच्या आवाजात समुद्राबद्दल थोडा आदर आला.

मला ते गाव पहिल्या दिवसापासून आवडलं. दुपारी एक वाजला की सगळं गाव दारं लावून झोपायचं. किराणा बंद, न्हावी बंद, औषधाचं दुकानसुद्धा बंद. पाच वाजता सगळे खुर्च्या घेऊन रस्त्यावर यायचे आणि समुद्राकडं पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तोंड करून बसायचे. समुद्र काय, तो रोजचाच. आम्ही गेलो की बायका मला जवळची खुर्ची द्यायच्या, साडीचा पदर हातात घेऊन बघायच्या आणि आपसात किंमत ठरवायच्या. कुणालाही कशाची घाई नव्हती. बत्तीस वर्षं मी शाळेच्या घंटेवर जगले होते. तिथं चर्चच्या घड्याळाचा काटा वीस मिनिटं मागं होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मला फार बरं वाटलं, उगीच कशाला लपवू.

विहीणबाई अंगानं जाड, गुडघे दुखणाऱ्या, बोलायला तोंडाळ. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती, आणि त्यामुळं आमचं एकदाही भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात लाकडी पाट घेऊन बसल्या. कणकेची लांब वळी करायची, सुरीनं तुकडा तोडायचा, अंगठ्यानं दाबून कानाच्या पाळीसारखा आकार द्यायचा. मी बघतच राहिले. आमच्याकडं लग्नाआधी बायका जमून कणकेचं वळवट करतात, त्यातले नखावर वळलेले नखुले हे असेच. मी पदर खोचून समोर बसले आणि हातात कणीक घेतली. पहिले दहा-बारा बघून विहीणबाईंनी माझा अंगठा हातात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि शेजारणीला हाक मारून दाखवला. त्या दिवसापासून त्या दारातला दुसरा पाट माझा झाला. दुपारी आम्ही दोघी समुद्रात बसायचो. त्या काळ्या पोहण्याच्या कपड्यात, मी नऊवारी खोचून, कमरेइतक्या पाण्यात, खुर्च्या टाकून. दोन म्हशी डुंबाव्यात तसं आमचं चाललेलं, असं चेअरमन म्हणाले. मी म्हटलं, गाभण नाहीत एवढंच.

चेअरमनचीही सोय झाली होती. पहाटे पाचला त्यांना आपोआप जाग यायची. अठरा वर्षांची सवय, दूध नसलं म्हणून काय झालं. ते उठून बंदरावर जायचे. व्याही मासेमार होते आणि तिथल्या मासेमारांच्या सोसायटीचे जुने सभासद. पहाटे होड्या आल्या की माशांचे खोके वजनाला एका शेडमधे जायचे. चेअरमन तिथं कोपऱ्यात उभे राहून काट्याकडं बघायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्याह्यांना खुणेनं सांगितलं की काटा एका बाजूला झुकतोय, खाली पाचर मारा. व्याह्यांनी पाचर मारली. तेव्हापासून दोघं एका बाकावर बसून काट्यावर लक्ष ठेवायचे. दोघांच्या संस्थेचं दुखणंही एकच निघालं. चांगला माल सभासद बाहेर व्यापाऱ्याला देतात आणि उरलासुरला सोसायटीत आणतात. हे त्यांना लेकीनं एकदाच सांगितलं, पण त्या एका वाक्यावर त्यांची दोस्ती पक्की झाली. मात्र व्याही कॉफी घ्यायला घरी चला म्हणाले, की चेअरमन हात जोडायचे आणि आपल्या खोलीवर यायचे.

सहाव्या दिवशी लेक आणि मी तिच्या घराच्या गच्चीवर धुणं वाळत घालत होतो. जेवणाचा विषय निघाला तशी मी म्हटलं, "जाऊ दे गं. एक नातू झाला की तुझे अण्णा स्वतः ताट मागून घेतील."

तिनं हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली, "होणार नाही, आई. दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्याकडूनच अडचण आहे."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "अण्णांना सांगू नको."

"कावून? त्यांना कळायला नको का? मूल होईपर्यंत म्हणून बसले तर ते कधीच..."

"म्हणूनच सांगू नको. कीव येऊन जेवायला नकोत मला ते. जेवायचं तर राग सोडून जेवावं, नाहीतर राहू दे."

ती बोलून गेली आणि मी अडकले. आमच्या संसारात मी चेअरमनपासून काही लपवलं नव्हतं, लपवायला त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांच्यासाठी भाकरी थापताना मला त्यांचा फार संताप आला. दोन भाकरी मुद्दाम कडक केल्या. त्यांनी गुमान चावून खाल्ल्या.

दहाव्या दिवशी गावातलं पाणी पार संपलं. तसं ते आधीपासून दिवसाआड येत होतं. तिथंही त्या साली पाऊस कमीच झाला होता. पण आता चार दिवस नळ कोरडा आणि गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या. सकाळी चौकात टँकर येऊन उभा राहिला. सगळं गाव कॅन, बादल्या, बाटल्या घेऊन धावलं आणि एकच गलका झाला. जो तो नळीला हात घालतोय, बायका एकमेकींवर ओरडताहेत, अर्धं पाणी रस्त्यावर. विहीणबाई दोन बादल्या घेऊन मागं उभ्या, गुडघ्यामुळं पुढं जाता येईना. चेअरमन खोलीच्या दारात उभे राहून हे बघत होते. रस्त्यावर वाहणारं पाणी बघून त्यांच्या कपाळाची शीर उठली. मला म्हणाले, "ह्यांना टँकर म्हाईत न्हाई." आणि चौकात शिरले.

आमच्याकडं दुष्काळात टँकरपुढं माणसं रांगेत उभी राहत नाहीत, भांडी राहतात. ज्याची घागर जिथं, तिथं त्याचा नंबर. माणूस खुशाल घरी जाऊन भाकरी थापून येतो, घागर त्याच्या वतीनं उभी असते. दुसऱ्याची घागर सरकवण्यासारखं पाप नाही. चेअरमननी विहीणबाईंच्या हातून एक बादली घेतली आणि टँकरच्या मागं जमिनीवर ठेवली. मग शेजारच्या बाईच्या हातातला कॅन घेऊन बादलीमागं ठेवला. मग आणखी एक. "भांडं ठेवा आन् सावलीत व्हा," ते ओरडले. मराठीतच ओरडले. पण आमसभेत विनामाइक बोलणारा माणूस, आवाज ऐकून टँकरच्या ड्रायव्हरनंसुद्धा सिगारेट खाली केली. एका मिशीवाल्यानं आपला कॅन दोनदा पुढं सरकवला. चेअरमननी दोनदा तो जागेवर नेऊन ठेवला. तिसऱ्यांदा चेअरमनना उठावं लागलं नाही, गावच त्याच्यावर ओरडलं. पंधरा मिनिटांत चर्चच्या पायरीपर्यंत भांड्यांची रांग लागली आणि माणसं सावलीत बसून गप्पा मारायला लागली. रांग पुरी झाल्यावर चेअरमननी विहीणबाईंची बादली पहिल्या नंबरवरून उचलली आणि सगळ्यांत शेवटी नेऊन ठेवली. त्या तोंडाचा चंबू करून माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांना कसं सांगू? संस्थेत पण त्यांचं तेच. चेअरमनचं दूध शेवटी मोजायचं.

शेवटच्या बादलीपर्यंत पाणी पुरलं, वर थोडं उरलंही. विहीणबाईंचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, एक्केचाळीस पायऱ्या. चेअरमननी चार खेपा केल्या. जावई मधे आला तर त्याला हातानं बाजूला केलं. चौथ्या खेपेला ते स्वयंपाकघरात बादली ठेवून भिंतीला टेकून उभे राहिले. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, धाप लागलेली. विहीणबाईंनी त्याच पाण्यातून एक ग्लास भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

लेक ओट्याशी उभी होती. तिच्या हातात भांडं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही. चेअरमननी ग्लासाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि आमसभेत मुद्दा मांडावा तसं म्हणाले, "हे पाणी टँकरचं हाय. टँकर सरकारचा. भरलं म्या, वाहिलं म्या. हे काय लेकीच्या घरचं पाणी होत न्हाई."

"न्हाई होत," मी म्हटलं.

ते एका दमात प्यायले. दुसरा ग्लास प्यायले. तिसरा अर्धा. लेक तोंड फिरवून आतल्या खोलीत गेली. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. या माणसानं वकिली केली असती तर आम्ही बीडला बंगला बांधला असता.

पण पाणी म्हणजे जेवण नव्हे. अकराव्या दिवशीही त्यांनी माझ्याच भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी डब्यातलं शेवटचं पीठ काढताना मी विचारलं, "उद्या दुपारी निघायचं. पीठ संपलं. लेकीकडं काय करायचं ते ठरवलंत का?"

"रिवाज हाय," ते म्हणाले.

"रिवाज कुणी केला?"

"वाडवडलांनी."

"त्यांच्या लेकी बैलगाडीच्या वाटेवर होत्या. सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत घरी यायचं, तेवढं उपाशी राहता येतं. तुम्ही साता समुद्रापलीकडं आलात. परत कधी याल? आणि रागाला रिवाजाचं पांघरूण कशाला घालता? राग आलाय तर राग आलाय म्हणा."

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ते पलंगाच्या कडेला बसले आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. मग म्हणाले, "राग न्हाई आता. लई आला व्हता. तिनं लग्नाला बोलवलं न्हाई."

"बोलवलं असतं तर गेला असतात?"

"नसतो गेलो."

"मग?"

"तरी बोलवायला पाह्यजे व्हतं."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडत होतं. मी म्हटलं, हे मला नका सांगू, जिला सांगायचं तिला सांगा. गच्चीवरची गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. मी ती गिळली.

बाराव्या दिवशी दुपारी मी लेकीकडं जेवायला निघाले, तर चेअरमन माझ्यामागं चालत आले. मी मागं वळून बघितलं नाही. म्हटलं, बघितलं तर बिचकतील. घरात व्याही, विहीणबाई, जावई टेबलाशी बसलेले. लेक वाढत होती. चेअरमन दाराच्या आत येऊन उभे राहिले आणि लेकीला म्हणाले, "तू मला लग्नाला बोलवायला पाह्यजे व्हतं."

तिच्या हातात पळी होती. ती म्हणाली, "तुम्ही आला असतात का, अण्णा?"

"न्हाई. तरी बोलवायचं."

टेबलाशी बसलेल्या कुणाला काही कळत नव्हतं, पण कुणी घासही घेत नव्हतं. लेक म्हणाली, "चुकलं माझं."

"माझं बी चुकलं," चेअरमन म्हणाले, खुर्ची ओढली आणि बसले. "वाढ."

तिनं वाळलेल्या वालाच्या डाळीसारखं काहीतरी शिजवून घोटलेलं वाढलं, सोबत कडवट पालेभाजी आणि पाव. चेअरमननी बोटांनी पाव मोडला, त्यात ते घोटलेलं घेतलं आणि पहिला घास खाल्ला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. ते म्हणाले, "पिठल्याला तिखट कमी हाय." लेक हसायला लागली आणि तिला ते हसू आवरेना. जावयानं मिरचीची बाटली पुढं केली. त्यांनी ताट साफ केलं. शेवटी पावाच्या तुकड्यानं काठही पुसून घेतला.

तेव्हा लेक त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही जेवलात म्हणून आता सांगते. आधी सांगितलं नसतं. आम्हाला मूल होणार नाही. डॉक्टरांनी सांगून टाकलंय."

चेअरमनचा उष्टा हात ताटातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला आधी माहीत होतं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, पण त्याबद्दल ते मला आजपर्यंत काही बोललेले नाहीत. त्यांनी लेकीला विचारलं, "म्हंजे म्या तेवढ्यासाठी बसून ऱ्हायलो असतो, तर?"

"तर कधीच नाही," ती म्हणाली.

त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जरा वेळ तसाच राहू दिला. मग उजव्या हातानं रिकामं ताट उचलून तिच्यापुढं धरलं.

"वाढ मग आजून," ते म्हणाले. "तीन वर्सांचं ऱ्हायलंय."

तिनं वाढलं. चेअरमन खाली मान घालून जेवत राहिले, आणि ती शेजारी बसून त्यांच्याकडं बघत राहिली.